बोळक्यांचा हंगाम

एप्रिल आला की माझ्या तोंडाला भाव येतो. एरवी वर्षभर या बोळक्याची कुणाला पडलेली नसते. पण दुपारची भाजणारी लू सुटली, कडुलिंबाचा फुलोरा पायरीवर सांडायला लागला, की आमच्या सोसायटीच्या गेटपाशी पांढऱ्या कोटातली पोरं-पोरी उभी राहायला लागतात. येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघत असतात. बैलबाजारात बैलाचं तोंड बघतात ना, तसंच. फरक एवढाच, की तिथं दात असलेला बैल हवा असतो आणि इथं दात नसलेला माणूस.

परवा एक मुलगी थेट दारात आली. कोटाची घडी हातावर, कपाळावरून घाम ओघळत होता.

"नमस्ते आंटी. आपके घर में कोई ऐसे बुजुर्ग हैं, जिनके दांत न हों?"

मी नुसतं तोंड उघडलं.

तिचा चेहरा असा काही उजळला, की मला लग्नात बघून यांचाही तेवढा उजळला नसेल. "एक भी नहीं?" तिनं वाकून बघितलं.

"एक भी नहीं. गिन ले."

माझी मुलगी वैजू स्वतः दातांची डॉक्टर आहे, पुण्याला तिचा दवाखाना आहे, तिनं करून दिलेली कवळी माझ्याकडे आहे. ती कपात पडून असते. लग्नकार्याला जाताना घालते, घरी आल्यावर पायातली चप्पल काढावी तशी काढते. हे मी त्या मुलीला सांगितलं नाही. बिचारीला वाटलं असतं, मी नाही म्हणतेय.

ज्यांच्या घरात कुणी हे शिक्षण घेतलेलं नाही त्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. दातांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेला पेशंट ज्याचा त्यानं आणायचा असतो. कॉलेज देत नाही. न्हाव्याकडे शिकणाऱ्या पोराला सांगावं, वस्तरा तुझा, साबण तुझा, आणि डोकंही तूच शोधून आण, तसलं हे. आणि कवळीच्या परीक्षेला तर तोंडात एकही दात नसलेला माणूस लागतो. असा माणूस, जो पुन्हा पुन्हा येईल, तासन्‌तास आ करून बसेल, आणि नेमका परीक्षेच्या दिवशी आजारी पडणार नाही, रुसणार नाही, मरणार नाही.

अंजू तिचं नाव. रेवाडीकडची. बाप बसचा कंडक्टर. ती भराभर सांगायला लागली. ऑटोचे पैसे ती देईल, ज्यूस पाजेल, जेवण देईल, "और आप जो कहें."

"बाकी किसको क्या-क्या दे चुकी?" मी विचारलं.

तिनं मान खाली घातली. दाढ भरायच्या परीक्षेसाठी एक जण ठरला होता. त्यानं आगाऊ पैसे घेतले आणि फोन बंद केला. दुसरा म्हणतो, आधी चष्मा करून दे.

मी म्हटलं, "मला पैसे नकोत. गुडघे दुखतात, वर येऊन हात धरून खाली ने. बस."

ती गेली. दार लावलं तरी लूचा एक भपकारा आत आलाच. त्या वाऱ्याला भाजलेल्या मातीचा वास होता. असाच वास त्या वर्षी होता, आमच्या वैजूच्या शेवटच्या परीक्षेच्या वर्षी. तेव्हा फक्त त्यात गव्हाचा भुसा असायचा. आता शेतंच राहिली नाहीत, तर भुसा कुठला. आता सिमेंट उडतं.

आम्ही फरीदाबादला आलो तेव्हा आमचा सेक्टर नवा होता. घरांची रांग संपली की भिंत, आणि भिंतीपलीकडे गहू. एप्रिलात मळणीचं यंत्र दिवसभर घरघरायचं आणि भुसा उडून आमच्या कूलरच्या वाळ्यात अडकायचा. वाळ्याचा गारवा आणि भुशाची खाज एकदमच घरात यायची. तीच शेतं एकेक करून गेली. सरकारनं घेतली, बिल्डरनं घेतली. गाववाल्यांच्या हातात पैसा आला. म्हशींच्या गोठ्याशेजारी मारुती व्हॅन उभ्या राहिल्या. त्या वर्षांत जे ते उघडत होतं. केबल आली, गाड्यांची दुकानं आली, आणि शेतांच्या पार टोकाला एक डेंटल कॉलेज आलं. रस्ता नव्हता, पण फाटक होतं संगमरवराचं.

वैजूला तिथं जागा मिळाली. कराडला आमचा एक प्लॉट होता, म्हातारपणी जाऊन राहायचं म्हणून घेतलेला. तो विकला. त्याचं मला काही वाटलं नाही. म्हातारपण कुठंही काढता येतं. फी ही सांगून येणारी गोष्ट आहे. पहिल्याच दिवशी कागदावर लिहून हातात देतात, माणूस कंबर कसून तयार राहतो. पण बाकीचं सगळं न सांगता येतं. एकेकटं येतं, दुपारच्या पाहुण्यासारखं, आणि येतं तेव्हा दारात उभं असतं.

पहिल्यांदा आले ते दात. वैजू म्हणाली, "आई, माणसाचे दात आणायला सांगितलेत. खरे. पूर्ण सेट."

"कुणाचे?"

"कुणाचेही चालतील, यार. उपटलेले."

मी चौथी शिकलेली बाई. मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण नाही. दात ओळखायला, कोरायला, भरायची सवय करायला खरेच दात लागतात. मग मी गेले जुन्या फरीदाबादच्या बाजारात. तिथं फूटपाथवर एक दातवाला बसायचा. पुढ्यात लाल कापड, त्यावर त्याच्या आयुष्यभराची कमाई, म्हणजे लोकांचे उपटलेले दात, ढीग करून मांडलेले. ही त्याची जाहिरात. कॉलेज उघडल्यापासून तोच ढीग त्याचा धंदा झाला होता.

"दाढ महंगी है माताजी," तो म्हणाला. "तीन जड़ वाली है, साबुत."

"तेरी है क्या? किसी गरीब की है."

"गरीब तो निकलवा के चला गया. संभाल के तो मैंने रखी."

घासाघीस करून घेतले. घरी आणून औषधाच्या पाण्यात, काचेच्या बरणीत ठेवले. बरणी स्वयंपाकघरात, कारण दुसरीकडे फळी नव्हती. शेजारी लिंबाचं लोणचं. आमच्याकडे हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका तेव्हापासून लोणचं नको म्हणायला लागल्या.

मग मेण आलं. वैजू माझ्या गॅसवर सुरी तापवून मेणाचे दात कोरायची. मग प्लास्टर आलं. कणीक मळायच्या परातीत तिनं ते कालवलं आणि ते परातीतच घट्ट बसलं. हातोडीनं ठोकलं तेव्हा परात वाकली, प्लास्टर नाही. मग हत्यारांची पेटी. सीनियरकडून जुनी घेतली, तर त्यातली निम्मी बोथट. मग कोट, एक पुरत नाही. पुस्तकं, ती तर विटांसारखी. ही पोरं डॉक्टर होणार म्हणून सगळे त्यांच्याकडे कौतुकानं बघतात. मला मात्र ती दिसतात कॉलेजसमोरच्या सामानाच्या दुकानात. हातातली वस्तू उलटीपालटी करतात, किंमत बघतात आणि हळूच परत ठेवतात.

यांचा जुना कारखाना तेव्हा मंदावला होता. परदेशी माल येऊ लागला, इथले कारखाने एकेक करून गळपटले. यांना मानेसरला गाड्यांचे भाग करणाऱ्या नव्या कारखान्यात काम मिळालं. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी परत येत तेव्हा भुवयांवर धूळ. वैजू पैसे मागायची तेव्हा ते कधी नाही म्हणाले नाहीत. फक्त विचारायचे, "हे शेवटचं ना?"

"हो बाबा, बिल्कुल शेवटचं."

तिलाही माहीत असायचं, त्यांनाही माहीत असायचं. दोघं एकमेकांना खोटं पाडायचे नाहीत. मी पाडलं असतं, म्हणून मी मधे बोलायची नाही.

आणि मग शेवटच्या वर्षी पेशंट. तो हंगाम मी जवळून पाहिला. कॉलेजच्या लांब व्हरांड्यात, पंख्याखाली, बाकड्यांवर पेशंट बसलेले असायचे आणि त्यांच्या पुढे-मागे उद्याचे डॉक्टर. कुणी पेशंटला केळी सोलून देतंय, कुणी त्याच्या पोराला खेळवतंय. चांगली किडलेली दाढ असलेला माणूस तिथं राजा. एक रिक्षावाला होता, त्यानं आपली एकच दाढ तिघींना कबूल केली होती. तिघी त्याला शिकंजी, म्हणजे लिंबाचं सरबत, पाजायच्या. दाढ ठणकायची, पण तो औषध घ्यायचा नाही. म्हणायचा, "इम्तहान तक टिकानी है." हसू येतं, पण हसताना आतून लाज वाटते. एकाला पैशासाठी कीड जपावी लागते आणि दुसऱ्याला पदवीसाठी त्या किडीचे पाय धरावे लागतात.

पैसेवाल्यांच्या पोरांना अडचण नव्हती. त्यांचे ड्रायव्हर पेशंट घेऊन यायचे. वैजू मात्र रोज रडवेली होऊन यायची. बोळकं मिळत नव्हतं. मिळालं तर महाग.

आणि बोळकं तर मी रोज सकाळी बघत होते.

भिंतीपलीकडच्या गावात आमचं दूध होतं. सरबती ताईच्या घरचं. तिकडे ताई म्हणजे थोरली काकू, अख्खं गाव तिला ताईच म्हणायचं. सत्तरीची, ताठ, घागरा-कुर्ती, हुक्का ओढणारी. नवरा कधीच गेलेला. तोंडात एक दात नाही, तरी गावातल्या प्रत्येक लग्नात गाणं उचलायचं ते हिनंच. ढोलकीवाली तिच्या तोंडाकडे बघून ठेका धरायची. मी किटली पुढे करून सरळ विचारलं. म्हटलं, माझ्या मुलीला परीक्षेसाठी तुझं तोंड पाहिजे. कवळी फुकट मिळेल.

"दांतां का के करूंगी?" ती म्हणाली. "खाना तो मसूड़े ही खा लेवैं हैं." मग जरा थांबून म्हणाली, "कॉलेज कितणी दूर सै?"

"बसनं जायचं, मग चालायचं."

"बाजार रास्ते मैं पड़ै?"

"पडतो."

"तो चल."

तेव्हा मला कळलं, की तिला दात नको होते, कारण हवं होतं. मुलांनी जमीन विकून पक्कं घर बांधलं, त्याला लोखंडी दार बसवलं, आणि म्हातारीचं शेतात जाणं संपलं. शेतच नाही तर जायचं कुठं. दातांच्या निमित्तानं ती बाहेर पडायला लागली. पण या मराठणीला तिनं एक अट घातली. "मरैठण, तू गैल चालैगी. मन्नै डर लागै." खुर्ची मागे कलते त्याची तिला भीती वाटायची. म्हणून मी बरोबर. ती खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर, तिचा हात माझ्या हातात. एवढ्या खरबरीत हाताला भीती कशी वाटते, याचं मला नवल वाटायचं.

ती पदर, म्हणजे तिची ओढणी, नाकापर्यंत ओढून बसायची. डोळे झाकलेले आणि तोंड उघडं. तिकडच्या म्हाताऱ्या बायकांना परक्या पुरुषासमोर असंच बसायची सवय. वैजू गुलाबी लगदा भरून माप घ्यायची, लवंगेचा वास सुटायचा, ताई घशातून काहीबाही म्हणायची. काम झालं की आम्ही दोघी बाजारात शिकंजी प्यायचो. ती बांगड्यांच्या दुकानासमोर उभी राहायची, घ्यायची काही नाही. पैसे मी दिले तर रागवायची. "म्हारे घर मैं पैसे की कमी ना सै," म्हणायची, "बस जाण की जगह कोन्या."

मापं झाली. तिच्या जबड्याचे साचे झाले. परीक्षेच्या दिवशी मेणात दात बसवून तिच्या तोंडात लावून दाखवायचे, एवढंच राहिलं. वैजू कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी दूध आणायला गेले तर ताईच्या दारात पुरुष बसलेले, डोक्याला पांढरी कापडं बांधलेली. ताईचा दीर गेला होता. सकाळीच दहन झालं होतं.

मी किटली घेऊन परत आले. वैजूला सांगितलं. ती खाली बसली.

"आई, ती येईल ना?"

"सुतकात कशी येईल?"

"मग मी काय करू? वो साचे किसी और को नहीं बैठेंगे! दुसऱ्या कुणाच्या तोंडात ते जाणारच नाहीत. सहा महिने जातील आई. परत फी, परत फॉर्म. बाबांना कोण सांगणार?"

यांना सांगायचं म्हणजे काय, ते मलाही ठाऊक होतं. पाठदुखीनं ते तेव्हा बसमध्ये उभ्यानं जायचे, बसता येत नव्हतं म्हणून. अजून सहा महिने त्यांनी काढलेही असते. न बोलता काढले असते, तेच वाईट.

दुपारी डोक्यावरून पदर घेऊन मी ताईकडे गेले. दुःखाला गेले असं म्हणता येईल, पण मी मागायला गेले होते. खोटं कशाला बोलू.

तिकडची रीत अशी, की शोकाच्या घरी आलेली बाई गल्लीच्या तोंडापासूनच सूर लावून रडत येते. मला तसलं येत नाही. मी मुकाट्यानं येऊन बसले, तर बायकांनी वळून बघितलं. ओसरीवर घोळका, मधे ताई. घरातली थोरली म्हणून तिचा मान. येणारी प्रत्येक बाई तिच्या गळ्यात पडायची, सूर चढायचा, उतरायचा. दोन सुरांच्या मधे बायका म्हशीच्या दुधाचं, उन्हाचं, सुनांचं बोलायच्या. ताई जागची हलली असती तर आलेल्या बायका कुणाकडे बघून रडणार होत्या? हे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं, की मागायचं नाही. काही गोष्टी अशा असतात की त्या मागितल्या तर समोरच्यानं नाही म्हटलं तरी आपण चोर आणि हो म्हटलं तरी आपणच चोर.

सूर उतरला तेव्हा ताईनंच ओढणीतून विचारलं, "छोरी का इम्तहान कल सै ना?"

मी मान हलवली.

शेजारी बसलेली तिची सून, बिमला, फणकारली. "मां, गाम के कहैगा? देवर की राख ठंडी ना होई, अर बुढ़िया दांत लगवाण चाल पड़ी!"

पुढची बाई गल्लीत सूर लावत आली, आणि ताईनंही सूर धरला. मी उठून आले.

बिमलाला मी वाईट म्हणत नाही. नवे दात म्हणजे नटणंच. सुतकात कुणी नवी बांगडी भरत नाही, तर दात कसे भरणार? गावात राहायचं तिला होतं. तिच्या मुलींची लग्नं व्हायची होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच ऊन इतकं, की कॉलेजच्या फाटकाचा संगमरवर डोळ्यांत घुसत होता. वैजू आत, तिची खुर्ची रिकामी. मी फाटकाशी शिरीषाच्या झाडाखाली उभी. का उभी होते कुणास ठाऊक, घरी जाऊन तरी काय करणार होते. पेशंट आत जात होते. तो रिक्षावालाही गेला. तिघींतली कुठली जिंकली कळलं नाही. एक दलाल माझ्याजवळ आला. त्याच्यामागे एक बोळका म्हातारा, झोपेतून उठवून आणल्यासारखा.

"आंटी, चाहिए? अभी खाली है."

मला क्षणभर मोह झाला. पण साचे ताईच्या जबड्याचे. मी नको म्हटलं. तो हसला, "देख लो, दस बजे के बाद यही डबल में जाएगा."

वैजू एकदा धावत बाहेर आली. "आई?" एवढंच म्हणाली. मी मान हलवली, ती आत गेली. जाताना तिनं कोटाला डोळे पुसले. धुवायला मलाच लागणार होता, पण त्या दिवशी बोलले नाही.

मग एक शेअर ऑटो थांबला. माणसं उतरली, शेवटी घागरा दिसला. ताई. एकटी. जन्मात कधी एकटी ऑटोत न बसलेली. अंगावर शोकाची फिकी ओढणी, अनवाणी, आणि हातात पाण्यानं भरलेला लोटा.

मी धावले. "ताई, ये लोटा?"

"अरी, लोटा लेकै जाती लुगाई तै कोई ना बूझता, कित चाली." ती धापा टाकत होती. "खेत की ओर गई सूं. चाल, तावळ कर. घणी देर कोई पेट दुखता ना रहै."

घरात नवा संडास होता, पण जुन्या बायका अजून लोटा घेऊन बाहेरच जायच्या. अशा बाईला कुणी हटकत नाही, विचारत नाही. सगळ्या मानपानाच्या, सगळ्या सुनांच्या नजरेतून ती त्या एका लोट्याच्या आधारानं बाहेर पडली होती. आणि सांडायचा नाही म्हणून ऑटोभर तो मांडीवर धरून आली होती.

परीक्षेत नातलगांना आत सोडत नाहीत. पण ताईनं माझा हात सोडलाच नाही, आणि ती खुर्चीत बसेना. शेवटी तिथल्या शिकवणाऱ्या मॅडमनी मला स्टुलावर बसू दिलं. लोटा मी मांडीवर घेतला. वैजू कामाला लागली. गॅसच्या दिव्यावर मेण, लवंगेचा वास, पंख्याचा खडखडाट. बाहेरगावचे परीक्षक आले, पांढऱ्या मिशांचे, कडक. वाकून बघितलं. दातांची रेघ डोळ्यांच्या रेघेला समांतर असावी लागते म्हणे. आणि ताईची ओढणी नाकापर्यंत.

"अम्मा, आंखें दिखाइए."

ताई ओढणीतून म्हणाली, "दांत देखण आया सै, के आंख?"

आजूबाजूच्या खुर्च्यांमधले पेशंट आ केलेल्या तोंडांनी हसले. परीक्षकही मिशीत हसले. म्हणाले, "अम्मा, बेटी के नंबर आपकी आंखों में हैं."

तेव्हा तिनं ओढणी वर केली. रडून रडून सुजलेले लाल डोळे होते. परीक्षकांनी हळूच पट्टी धरली, बघितलं, आणि "ठीक है, ठीक है अम्मा" म्हणून पुढे गेले. तो दीर ताईनं आपल्या हातानं वाढवला होता, सासू लवकर गेली म्हणून. हे मला नंतर कळलं. मला वाटत होतं, सुतक ही फक्त रीत आहे.

तिला ऑटोत बसवताना मी म्हटलं, "गाव काय म्हणेल ताई?"

"गाम के मुंह मैं तो पूरे दांत सैं," ती म्हणाली. "चबाण दे."

आणि गावानं चावलं. ती परतली तेव्हा बायका तिच्याभोवती बसल्या आणि एकीच्या नाकाला लवंगेचा वास आला. बस, तेवढं पुरलं. तेराव्यापर्यंत सगळीकडे झालं. त्या वर्षी गावात लग्नं झाली, ढोलकी वाजली, आमच्या गच्चीवर ऐकू यायची. पण गाणं उचलणारा आवाज वेगळा होता. ताईला कुणी बोलावलं नाही. दिराच्या सुतकात दात मापून घेणारी बाई मंगलकार्यात कशी चालेल?

लोक मला विचारतात, मुलीला डॉक्टर करायला काय खर्च आला हो. मी फी सांगते. प्लॉट सांगते. दातवाला सांगितला तर हसतात. हे शेवटचं सांगत नाही. ते आमच्या खिशातून गेलं नव्हतं, दुसऱ्याच्या घरातून गेलं होतं, आणि त्याची पावती कुणी मागितली नाही. परवा ती अंजू आली तेव्हाही माझ्या मनात आधी आलं ते हेच, की हिच्या पाठीमागे कोण कोण चालत असेल, आणि हिला तरी ते ठाऊक असेल का.

निकाल लागला. वैजू पास झाली. हे पेढे घेऊन आले आणि पहिल्यांदाच "हे शेवटचं ना?" म्हणाले नाहीत. वैजूनं कवळी पुरी केली, घासूनपुसून, डबीत कापूस घालून. आम्ही दोघी ती घेऊन ताईकडे गेलो. बिमला अंगणात म्हशीला पाणी दाखवत होती, तिनं आमच्याकडे बघितलं नाही. ताईनं आम्हाला आतल्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

वैजूनं कवळी बसवली. ताईनं कोनाड्यातला आरसा घेतला. गाल भरले होते, ओठ बाहेर आले होते. कितीतरी वेळ बघत राहिली. मग उशाखालून भाजलेल्या चण्यांची पुरचुंडी काढली, एक चणा तोंडात टाकला आणि चावला. कटकन आवाज झाला. त्या आवाजानं ती स्वतःच दचकली, आणि मग हसली. मी तिला दात दाखवून हसताना तेव्हाच पाहिलं. आणखी एक टाकला.

अंगणात बिमलाच्या जोडव्यांचा आवाज दाराकडे येऊ लागला. ताईनं झटक्यात कवळी काढली, मुठीत घेतली, मूठ ओढणीत घातली. दार उघडलं तेव्हा तिचं तोंड नेहमीसारखं आत गेलेलं होतं.

"बिमला, मरैठण आई सै. चाय धर दे."

बिमला चहा ठेवायला गेली आणि जाताना दार उघडंच ठेवून गेली. आम्ही तिथं होतो तोवर ताई काही बोलली नाही. दुसरा चणा अजून तिच्या गालात होता. तो गिळता येत नव्हता आणि चावता येत नव्हता.